वाचून दाखवले, बरोबर आहे

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतात, नाहीतर सुनेशी भांडतात. मला यातलं काही जमलं नाही, कारण माझी बोटं स्वस्थ बसत नव्हती. जवळपास तीस वर्षं मी कोर्टात टायपिस्ट होते. समोर कोणी बोलायला लागलं की माझी बोटं आपोआप चालू. भाजीवाल्याशी घासाघीस करताना पिशवीवर, कीर्तनात मांडीवर, बारशाला गेले तर बाळंतिणीच्या पलंगावर. जित्याची खोड म्हणतात ती हीच. नवरा वैतागायचा. "काहून अशी चुळबुळ करून राहिली वं? घरात कोणाची साक्ष चालू आहे काय?" असं विचारायचा.

आमच्या गल्लीच्या टोकाला इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणते. सरांचे डोळे चालले होते. आंबिया बहाराची संत्री बाजारात येईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, कामापुरतं दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि सरांचं एक काम अर्धवट पडलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कविता ते मराठीत आणत होते. कविता म्हणजे आपली दोन पानांची नव्हे, उशाला घेतली तर मान अवघडेल एवढी जाड. मराठी मजकूर त्यांनी वह्यांमध्ये लिहून ठेवला होता, पण मुंग्यांसारख्या अक्षरात, आणि तो त्यांच्याशिवाय कोणाला लागत नव्हता. सकाळच्या उजेडात भिंग धरून ते वाचणार, आणि वेगाने टाइप करणारं कोणीतरी हवं होतं. नवऱ्याने परस्पर माझं नाव सुचवलं. घरातली कटकट मिटली म्हणून तो भलताच खूश झाला.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, कविता आहे कशाची?"

"खुनाच्या खटल्याची," सर म्हणाले.

मी हसलेच. म्हटलं, देवाने माझ्या नशिबी दुसरं काही लिहिलंच नाही.

गोष्ट रोममधली, तीनशेहून जास्त वर्षांपूर्वीची, आणि खरी घडलेली. एका उतरत्या वयाच्या, नावाला सरदार आणि खिशाने कफल्लक अशा माणसाने तेरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तिला छळलं. ती एका तरुण पाद्र्याच्या मदतीने पळाली. नवऱ्याने चार भाडोत्री माणसं घेऊन तिला आणि तिला वाढवणाऱ्या आईबापांना भोसकलं. म्हातारा-म्हातारी जागीच गेली, मुलगी चार दिवस जगली. त्या खटल्याचे जुने कागद कवीला रस्त्यावरच्या जुन्या बाजारात सापडले आणि त्यावरून त्याने हे रचलं. गंमत अशी की गोष्ट एकच, पण ती एकापाठोपाठ दहा वेळा सांगितली जाते. अर्धं गाव नवऱ्याच्या बाजूने, अर्धं मुलीच्या बाजूने, एकजण कोणाच्याच बाजूने नाही, मग नवरा, पाद्री, मरायला टेकलेली मुलगी, दोन्हीकडचे वकील, पोप, आणि शेवटी पुन्हा नवरा.

अर्ध्या गावाचं बोलणं आम्ही पंधरा दिवस टाइप केलं. मी सरांना म्हटलं, "आमच्या न्यायाधीश साहेबांनी यातल्या एकालाही साक्षीला उभं केलं नसतं. सगळं ऐकीव."

सर म्हणाले, "म्हणूनच बाई, कवीने त्यांना उभं केलं."

या उत्तराचा मला राग आला. का ते तेव्हा कळलं नाही. घरी आले, दोन वेळा फडताळ आवरलं, तिसऱ्या वेळी नवऱ्याने हात धरून बसवलं.

सरांची एक अट होती. रोजचं काम संपलं की टाइप केलेलं सगळं त्यांना वाचून दाखवायचं. त्यासाठी कूलर बंद करायचा, कारण कूलरच्या घरघरीत त्यांना शब्द नीट ऐकू यायचे नाहीत. मे महिन्याचं नागपूर, खोलीत नुसती भट्टी, आणि मी घाम पुसत पोपच्या पुतळ्यासारखी ताठ बसून वाचायची. पहिल्याच दिवशी मजकुराच्या शेवटी एक ओळ आली ती मी वाचून टाकली, "वाचून दाखवले, बरोबर आहे." सर चमकले. "हे मी कधी सांगितलं?" त्यांनी नव्हतंच सांगितलं. बोटांनी आपणहून टाइप केलं होतं, आणि वाचायच्या आधीच. सर खूप हसले. मी ती ओळ पुसली, पण हसले नाही.

मग ती मुलगी दाद मागायला जाते तो भाग आला. नवऱ्याचा छळ असह्य होऊन ती आधी गावच्या बिशपकडे जाते, मग सुभेदाराकडे जाते. पाया पडते. दोघंही तिची समजूत काढतात आणि तिला नवऱ्याकडे परत धाडतात. सर भिंगातून एकेक शब्द उचलत सांगत होते आणि मी टाइप करत होते. म्हणजे मला तसं वाटत होतं.

"बाई," सर थांबून म्हणाले, "तुम्ही टाइप करून नाही राहिल्या. आवाज थांबला."

मी बोटांकडे पाहिलं. ती कीबोर्डवर नुसती ठेवलेली होती. तीस वर्षांत समोर कोणी बोलतं आहे आणि माझी बोटं थांबली आहेत, असं फक्त एकदा झालं होतं. डोकं दुखतं असं सांगून मी उठले आणि घरी न जाता उन्हात दोन गल्ल्या उगाच फिरले.

ते एकदा कोणतं, ते आता सांगायलाच हवं. कोर्ट कोणतं आणि साहेब कोण हे सांगणार नाही. साहेब चांगले होते आणि चूक माझी आहे.

साक्ष कशी लिहितात हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. साक्षीदार बोलतो त्याच्या बोलीत. न्यायाधीश ते ऐकतात, त्यातलं कामाचं उचलतात आणि शुद्ध मराठीत टायपिस्टला सांगतात. टायपिस्ट साहेब सांगतील तेवढंच टाइप करते. साक्षीदाराचं जे साहेब सांगत नाहीत, ते हवेत जातं. शेवटी सगळी साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची, काही चुकलं असेल तर त्याने सांगायचं, आणि मग खाली सही किंवा अंगठा. हा नियम. गर्दीच्या दिवशी आम्ही "वाचून दाखवले, बरोबर आहे" ही ओळ आधीच टाइप करून ठेवायचो आणि वाचायचं राहून जायचं. सगळेच करायचे. निदान मी तरी तेव्हा असंच म्हणायची.

तेव्हा टाइपरायटर होते. खटला एका नवऱ्याने बायकोला ठार मारल्याचा. साक्षीला मुलीची आई आली होती, उमरेडची, पन्नाशीतली, हातमागावर विणणारी. तिने हात पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवले तेव्हा बोटांच्या पेरांवर सुताने पडलेल्या रेघा मला दिसल्या. सरकारी वकिलांनी विचारलं, मुलीला सासरी त्रास होता हे तुम्हाला कसं माहीत?

"ती आली होती ना मायाकडं," बाई म्हणाली. "तीनदा आली. सांगतलं तिनं सगळं. मीच तिले वापस धाडलं. म्हणलं, जाय, नवऱ्याचं घर आहे. साहेब, मीच धाडलं. लिवा ते."

एरवी साक्षीदार बोलतानाही टेबलाच्या कडेवर चालणारी माझी बोटं थांबली. आरोपीच्या वकिलांनी कान टवकारले. सरकारी वकील घाईने म्हणाले, "बाई, विचारलं तेवढंच सांगा." साहेब थोडा वेळ वरच्या पंख्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला सांगितलं, "लग्नानंतर मयत तीन वेळा माहेरी आली होती व तिने मला त्रासाबद्दल सांगितले होते." मी टाइप केलं. 'मीच धाडलं' त्यात आलं नाही. साहेबांचं चुकलं नव्हतं. आरोपी कोण आणि त्याने काय केलं, एवढंच त्या खोलीत ठरवायचं होतं. आईने काय केलं हा खटलाच नव्हता.

साक्ष संपली. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं उरली होती आणि पुढचा साक्षीदार दारात उभा होता. बाई अंगठा द्यायला माझ्या टेबलाशी आली. खाली ओळ तयार होतीच. तिने माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "बाई, ते लिवलं ना? मीच धाडलं ते?"

मी म्हटलं, "हो, हो. सगळं लिहिलं आहे. इथे अंगठा द्या."

तिने दिला. मग पदराने अंगठा पुसत ती निघून गेली. आरोपीला जन्मठेप झाली आणि माझ्या थापेने निकालात काडीचाही फरक पडला नाही. स्वतःची समजूत घालायला एवढं पुष्कळ होतं आणि मी ती घातलीही. तिच्या जिवाला बरं वाटलं असेल, असंही म्हटलं. पण त्यानंतर मी प्रत्येक साक्ष वाचून दाखवली, शिपाई कुरकुरला, साहेब घड्याळ पाहू लागले तरी. माझ्या कडकपणाचं सगळे कौतुक करायचे. ते कौतुक मला टोचायचं.

चार दिवस मी सरांकडे गेले नाही. पाचव्या दिवशी गेले ती तावातावाने. "सर, त्या मुलीला वाढवणारी आई, तिचा जबाब कुठे आहे?"

"तिचा नाही. ती त्याच रात्री मेली ना."

"मुलीला चार दिवस जास्त मिळाले म्हणून तिला पानंच्या पानं, आणि आईला एक ओळ नाही? लग्न तर तिनेच लावून दिलं होतं. तिला काही सांगायचं नसेल?"

सर भिंग खाली ठेवून म्हणाले, "असेल. पण नाही दिलं कवीने. चला, वेळ नका घालवू, उजेड चांगला आहे."

त्यांना माझा त्रागा ऐकायला सवड नव्हती, डोळे त्यांचे जात होते. मी मुकाट्याने बसले. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. मधे ते पाणी प्यायला उठले, चष्म्याचं घर शोधत बसले, आणि तेवढ्यात मी चार ओळी घातल्या. सरांच्या घोटीव मराठीच्या मधोमध, त्या रोमच्या म्हातारीच्या तोंडी: ती आली होती मायाकडं. तीनदा आली. मीच तिले वापस धाडलं. लिवा ते.

काम संपलं. सरांनी कूलर बंद केला आणि म्हणाले, "हं, वाचा."

ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझ्या पडद्यावर काय आहे हे त्यांना कधीही कळलं नसतं. त्या चार ओळी सोडून पुढे गेले असते तरी चाललं असतं, आणि पुसल्या असत्या तर प्रश्नच नव्हता. पण डोळे असलेल्या, पण अक्षर न येणाऱ्या एका बाईला मी एकदा फसवलं होतं, आता अक्षर येणाऱ्या, पण डोळे नसलेल्या माणसाला फसवायचं माझ्याने होईना. मी वाचलं. त्या ओळीही वाचल्या, एकही न गाळता.

सरांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "हे मुळात नाही, बाई."

"नाही."

"कोणाचं आहे?"

मी सांगितलं. साहेब, पंखा, अंगठा, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सर मला धीर देतील असं वाटलं होतं, निदान चहा तरी विचारतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. "त्या ओळी काढा," ते म्हणाले. "माझ्या पुस्तकात त्या चोरीच्या होतील. आणि जिच्या आहेत तिला नेऊन द्या."

"ती जिवंत आहे की नाही हेही मला माहीत नाही, सर."

"मग पाहून या. तोवर मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही टाइप करायला."

म्हणजे मी गेले नाही तर त्यांचंही काम अडणार. म्हाताऱ्याने मला बरोबर पेचात धरलं. मी रागाने त्या चार ओळी पुसल्या.

उमरेडच्या एस.टी.त खिडकीजवळ बसले तरी जीव थाऱ्यावर नव्हता. कोळशाचे ट्रक समोरून जात होते आणि मी पर्सवर टाइप करत होते: मी खोटं बोलले, मी खोटं बोलले. दोनदा वाटलं, पुढच्या थांब्यावर उतरून परतीची गाडी धरावी. तिला तेवीस-चोवीस वर्षं जे समाधान मिळालं असेल ते मी कोण हिरावून घेणार? की हेही माझंच सोयीचं बोलणं होतं? कोर्टात साक्षीदाराचं नाव, वय, धंदा, पत्ता सगळं टाइप करावं लागतं. तिचा मोहल्ला माझ्या बोटांना पाठ होता.

माग फारसे उरले नाहीत आता तिथे. पण दोन ठिकाणी विचारल्यावर एका बाईने आवाजाकडे बोट दाखवलं. घरात खटखट चालू होती. दारातून पाहिलं तर तीच होती. केस पांढरे, पाठीला बाक, हात तेच.

मी कोण ते सांगितलं. ओळखलं नाही असं वाटलं, पण तिने माग थांबवला आणि खाटेवरचे कपडे बाजूला सारून म्हणाली, "बसा ना वं." मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर पुन्हा घाबरले असते. तुम्ही विचारलं होतं ते लिहिलं का म्हणून, आणि मी हो म्हटलं होतं. ते लिहिलेलं नव्हतं. मी खोटं बोलले.

ती म्हणाली, "मले मालूम होतं."

मला वाटलं, म्हातारपणाने तिला काही समजलं नाही. पण ती पुढे म्हणाली, "मले वाचता नाही येत, ऐकू तं येते ना. जन्म मागावर गेला माया. कोणी काही बोललं का साहेब सांगे अन् तुमची मशीन वाजे. मी ते बोलली, तवा साहेब वर पाहत राहिले, मशीन नाही वाजली."

"मग अंगठा काहून दिला?" माझ्याही तोंडून तिचीच बोली निघाली.

"तुमी हो म्हणल्या. म्हणलं, या बाईले तरी ऐकू गेलं."

मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. तिने पाणी दिलं, रिकामा पेला परत घेतला. मग म्हणाली, "आता लिवता काय?"

पर्समध्ये वही होती. मी हाताने लिहिलं, तिच्याच शब्दांत, एकही शुद्ध न करता. ती आली होती मायाकडं. तीनदा आली. मीच तिले वापस धाडलं. खाली काही लिहिलं नाही. आधी वाचून दाखवलं.

ती ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने मान हलवली.

"तीनदा नाही वं बाई. चारदा."

मी पेन पुन्हा उघडलं.

"चवथ्या वेळेस मी दारच नाही उघडलं. भर दुपारची आली होती. कडी वाजवून राहिली होती. अन् मी माग चालूच ठेवला, म्हणजे ऐकू नाही आलं असं होईन. थकून गेली वापस. त्याच हप्त्यात..." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"कोर्टात तीनदा काहून सांगितलं?" मी विचारलं.

"सगळ्यायसमोर तोंड नाही उघडलं. पण शिपाई म्हणला होता का शेवटी वाचून दाखवते, चुकलं असन तं तवा सांगायचं. म्हणलं, वाचून दाखवतीन, तवा सांगीन. तुमच्याजवळ म्हणून तं आली होती."

मागावर अर्धं विणलेलं लुगडं तसंच ताणलेलं होतं. मी 'तीनदा' खोडलं, 'चारदा' लिहिलं, दाराचं आणि मागाचं लिहिलं, आणि पहिल्या शब्दापासून तिला पुन्हा वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबावं लागलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"आता बराबर आहे," ती म्हणाली आणि अंगठा पुढे केला.